अडुसष्ट हजार किलोमीटर चाललेली मोटारसायकल एक्सचेंजला नेताना

श्रोतेहो, नमस्कार.

जुनी मोटारसायकल देऊन नवी घ्यायला गेलेल्या माणसाला विक्रेता पहिला प्रश्न विचारतो तो हाच की गाडीचे रनिंग किती झाले आहे. गाडी कोणते मॉडेल आहे, तिचा रंग कसा आहे, टाकीला पोचे आहेत का, हे चार पावलांवरूनही दिसते. रनिंग पाहायला मात्र मीटरवर वाकावे लागते, आणि तो आकडा वाचताक्षणी विक्रेत्याच्या मनात एक किंमत ठरून जाते. बोलताना आपण मायलेज म्हणतो ते एका लिटरमध्ये गाडी किती जाते त्याला. आज मी बोलणार आहे ते गाडी घेतल्यापासून एकूण किती किलोमीटर चालली, त्या आकड्याविषयी.

मला जे सांगायचे आहे ते आधीच सांगून ठेवतो. रनिंग जास्त असले की एक्सचेंजची किंमत कमी होते, हे खरेच आहे. पण ती किती कमी व्हावी हे केवळ आकडा ठरवत नाही. ते किलोमीटर कसे झाले, याचा पुरावा तुमच्या हातात आहे की नाही, यावर ते पुष्कळ अवलंबून असते.

एक्सचेंजची किंमत काढताना विक्रेता उलटीकडून मोजत येतो. ही गाडी मी पुढे कितीला विकेन, येथून तो सुरुवात करतो. त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करतो, गाडी विकली जाईपर्यंत तिच्यात अडकून पडणाऱ्या पैशाचा भार वजा करतो, स्वतःचा नफा वजा करतो, आणि जे उरते ते तुम्हाला सांगतो. मीटरवरचा मोठा आकडा या हिशेबात एकदा नव्हे, तीनदा कापतो. पुढची विक्रीची किंमत त्याने उतरते, दुरुस्तीचा अंदाज त्याने वाढतो, आणि गाडी दुकानात उभी राहण्याचे दिवसही त्यानेच वाढतात. पुन्हा सांगतो, विक्रीची किंमत, दुरुस्तीचा अंदाज आणि उभे राहण्याचे दिवस, अशा तीन ठिकाणी तो कापतो. म्हणूनच आपल्याला तो फटका अपेक्षेपेक्षा मोठा वाटतो.

आता मी एक प्रसंग सांगतो, कारण या विषयातले मला जे काही खरेखुरे समजले ते त्या एका दुपारी समजले.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, आणि मी, अशा आम्ही दोघांनी एकाच दिवशी एकाच मॉडेलच्या दोन मोटारसायकली घेतल्या होत्या. सात वर्षांनी दोघांनीही त्या बदलायचे ठरवले आणि एकाच विक्रेत्याकडे बरोबरच गेलो. माझा कामावर जाण्यायेण्याचा रस्ता रोजचा ३६ किलोमीटरांचा, बराचसा मोकळा, त्यामुळे माझ्या मीटरवर ६८,००० च्या वर आकडा होता. दाजींनी मधल्या काळात मोटार घेतली होती आणि त्यांची मोटारसायकल महिन्यातून दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत असे. तिच्या मीटरवर जेमतेम ९,००० किलोमीटर होते, आणि दाजींना त्याचा अभिमान होता. ते मला वाटेत म्हणाले, "तुमची गाडी तुम्ही पिळून काढली, माझी अजून कोरी आहे."

दुकानातल्या तरुण विक्रेत्याने दोन्ही मीटर पाहिले, गाड्यांना हातही न लावता एका कागदावर दोन रकमा लिहिल्या आणि कागद आमच्यापुढे सरकवला. मी प्रमाणात सांगतो. दाजींच्या गाडीला १०० धरले, तर माझ्या गाडीला ५५ लिहिले होते. गाडी तीच, वर्ष तेच, फरक केवळ मीटरचा.

मी वाद घातला नाही. बरोबर नेलेली वही मी टेबलावर ठेवली. पहिल्या सर्व्हिसिंगपासूनची प्रत्येक नोंद तिच्यात तारीख आणि किलोमीटर घालून केलेली होती. इंजिन ऑइल कधी बदलले, पुढच्या फोर्कचे, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या नळ्यांचे, ऑइल सील ४०,००० ला बदलले, चेन आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेनचे दातेरी चाक, दोनदा बदलले, क्लच प्लेटा ५१,००० ला नव्या टाकल्या, असे सारे. आणि पावत्या त्या त्या पानाला टाचलेल्या. माझे तर ठाम मत आहे की गाडी चालवायला शिकवताना ही नोंद ठेवायलाही शिकवले पाहिजे, कारण ऑइल कधी बदलले हे आठवणीवर सोडणारा माणूस ते नेहमीच उशिरा बदलतो. विक्रेत्याने चार पाने उलटली आणि आतल्या वर्कशॉपमधून वयस्कर मिस्त्रींना बोलावले.

मिस्त्रींनी मीटरकडे पाहिलेच नाही. त्यांनी प्रथम दोन्ही इंजिनांना तळहाताची मागची बाजू लावली. आम्हाला तेथे येऊन तासाहून अधिक वेळ झाला होता, त्यामुळे दोन्ही इंजिने थंड होती, आणि त्यांना तेच हवे होते, कारण इंजिनाची खरी स्थिती ते थंड असताना कसे सुरू होते यावरून कळते. माझी गाडी सेल्फच्या पहिल्या दाबाला सुरू झाली. टॅपेटचा, म्हणजे इंजिनातल्या झडपांच्या जोडणीचा, थोडा आवाज आला आणि इंजिन तापल्यावर तो पुष्कळ कमी झाला. मिस्त्रींनी टाकीवर हात ठेवून तो मान कलती करून ऐकला. मग ते मागच्या चाकाशी बसले, स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून त्यांनी मागे ओढून पाहिली. चेन ताणली गेलेली असेल तर ती तेथे दात सोडून वर उचलली जाते, आणि स्प्रॉकेटचे दात झिजून हुकासारखे एका बाजूला वळलेले दिसतात. माझी चेन उचलली गेली नाही. त्यांनी गाडी मुख्य स्टँडवर घेतली, पुढचे चाक वर उचलून फोर्कचे खालचे टोक पुढेमागे हलवले आणि हँडल ज्यावर वळते त्या बॉल रेसरमध्ये खडखड आहे का ते पाहिले. शेवटी फोर्कच्या चकचकीत नळीवरून अंगठा फिरवून त्यांनी तो उजेडात धरला. अंगठा कोरडा होता, म्हणजे सीलमधून तेल गळत नव्हते.

मग ते दाजींच्या गाडीकडे वळले. ती सकाळी पुष्कळ किका मारून सुरू केलेली होती. आता सेल्फ दाबला तर नुसती टकटक झाली, कारण महिनोन्‌महिने चार्ज न झालेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि तिच्यात जोर राहत नाही. किक मारून इंजिन सुरू झाले, पण ते एका लयीत चालेना. उभ्या गाडीतले पेट्रोल उडून जाऊन मागे चिकट राळ उरते आणि ती कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसते. मिस्त्रींनी टाकीचे झाकण उघडून आत टॉर्चचा उजेड टाकला आणि दाजींना जवळ बोलावून दाखवले. पेट्रोलच्या पातळीच्या वर टाकीच्या आतल्या पत्र्यावर नारिंगी गंजाचे ठिपके उमटले होते. टायरची नक्षी जवळजवळ पूर्ण होती, पण बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा होत्या. मिस्त्रींनी त्या भिंतीवरचे चार अंक बोटाने पुसून वाचले. टायरवरच्या या चार अंकांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ते टायर गाडीबरोबर आलेले, म्हणजे सात वर्षांचे होते. फोर्कच्या नळीवर गंजाचे खड्डे पडले होते, आणि तेथे फिरवलेला अंगठा तेलकट निघाला.

मिस्त्री उठून उभे राहिले आणि त्यांनी विक्रेत्याला सांगितले, "ही चाललेली गाडी आहे आणि ती थांबलेली गाडी आहे. थांबलेल्या गाडीला मला काम जास्त पडेल."

विक्रेत्याने कागद परत ओढून घेतला. दाजींच्या गाडीचे १०० चे ८० झाले आणि माझ्या गाडीचे ५५ चे ७२ झाले. मी त्याला विचारले की तुमचेच मिस्त्री सांगतात की त्या गाडीला काम जास्त आहे, तर मग तिची किंमत अजूनही माझ्या गाडीपेक्षा जास्त का? त्याने जे उत्तर दिले ते मी कधी विसरलो नाही. तो म्हणाला, "साहेब, मिस्त्रींना गाडी कळते. पण उद्या माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक आधी मीटर बघणार आणि मग गाडीला हात लावणार. नऊ हजारांची गाडी दुरुस्त करून उभी केली की आठवड्यात जाईल. तुमची दोन महिने उभी राहील. तेवढं तुम्हाला सोसावं लागेल." आणि निघताना त्याने विचारले, "ती वही गाडीबरोबर द्याल का? गिऱ्हाईकाला दाखवायला होईल." मी ती दिली.

या प्रसंगात सारा हिशेब उघडा पडतो. वहीने दुरुस्तीचा अंदाज खाली आणला, म्हणजे तीन कापांपैकी एक काप जवळजवळ गेला. उभे राहण्याच्या दिवसांचा काप मात्र वहीलाही पूर्ण टाळता आला नाही.

दाजींच्या इंजिनाचे असे का झाले, हे थोडक्यात सांगतो. इंजिनाची बरीच झीज सुरू होतानाच्या पहिल्या क्षणांत होते, कारण उभ्या इंजिनातले ऑइल खाली उतरलेले असते. शिवाय लहानशा फेरीत इंजिन पुरते तापतच नाही. जळणातून तयार होणारे पाणी आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्येच साचते, आणि ऑइल किलोमीटर न होताही निकामी होत जाते. मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने झालेले ३० किलोमीटर आणि दोन-दोन किलोमीटरांच्या पंधरा फेऱ्या मीटरवर सारख्याच दिसतात, इंजिनाला त्या सारख्या नसतात. दीर्घ प्रवासासाठी बांधलेल्या मोठ्या मोटारसायकली किती चालू शकतात याचे एक उदाहरण देतो. अर्जेंटिनाच्या एमिलिओ स्कोटो यांनी १९८५ ते १९९५ या दहा वर्षांत होंडा गोल्ड विंगवर जग फिरताना सुमारे ७,३५,००० किलोमीटर अंतर कापले. अशा गाडीच्या मीटरवरचे ६८,००० आणि लहान इंजिनाच्या, इंजिन सतत चढ्या गतीने फिरवत पळवलेल्या गाडीच्या मीटरवरचे ६८,००० एका मापाने मोजणे चूक आहे.

मग विक्रेता आकड्यावर एवढा का विसंबतो? तुमची गाडी तुम्हाला ठाऊक असते, त्याला ती ठाऊक नसते, म्हणून तो वाईटात वाईट धरून चालतो. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन नेमके हेच मांडले होते की विकणाऱ्याला जे कळते ते घेणाऱ्याला कळत नसेल, तर चांगल्या वस्तूलाही चांगली किंमत मिळत नाही. त्यांना पुढे २००१ चे नोबेल मिळाले. वहीचे आणि पावत्यांचे मोल येथेच आहे, कारण तुमच्याजवळची माहिती त्या दोहोंमुळे समोरच्याच्या हातात जाते.

मीटरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जुन्या मोटारींच्या दोन कोटी वीस लाखांहून अधिक घाऊक व्यवहारांची तपासणी झाली, आणि दर दहा हजार मैलांचा टप्पा ओलांडताच किंमत एकदम खाली उतरते असे आढळले. तो अभ्यास मोटारींचा होता, पण माणसाची नजर तीच असते. ४९,८०० आणि ५०,२०० या दोन आकड्यांमध्ये गाडीला काहीही झालेले नसते, वाचणाऱ्याला मात्र पहिला अंक बदललेला दिसतो. गाडी बदलायचे ठरलेच असेल, तर टप्पा ओलांडण्यापूर्वी बदला.

आणि हा अंक पाहून कुणाला मीटर मागे फिरवण्याचा मोह होत असेल, तर ती सरळ फसवणूक आहे, माझ्या मते चोरीच आहे, कारण पुढचा माणूस त्या आकड्यावर भरवसा ठेवून चेन, ऑइल आणि ब्रेक कधी बदलायचे ते ठरवणार असतो, आणि चुकीच्या भरवशाची किंमत तो रस्त्यावर मोजू शकतो. शिवाय ते लपत नाही. मीटरवर १५,००० आणि पायदानाचे रबर गुळगुळीत, ब्रेकच्या पेडलची धार झिजून चमकणारी, डिस्कच्या कडेला नखाला लागणारी पायरी, असे दिसले की अनुभवी मिस्त्री तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवत नाही.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून गाडी दाखवायला नेण्याविषयी दोन-चार गोष्टी सांगतो. जास्त रनिंगच्या गाडीवर विकण्यापूर्वी मोठा खर्च करू नका. इंजिनाचे काम करून घेतल्याचे पैसे किमतीत परत येत नाहीत, कारण विक्रेत्याला तेच काम स्वस्तात पडते. लहान दोष मात्र काढून टाका. बंद पडलेला इंडिकेटर, फुटलेला आरसा, सैल चेन, कमी हवा, यांतला प्रत्येक दोष पाहणाऱ्याला सांगतो की या मालकाने मोठ्या गोष्टींकडेही लक्ष दिले नसेल. गाडी धुऊन न्या, पण जोराच्या फवाऱ्याने चाकांच्या बेअरिंगवर पाणी मारू नका, आणि इंजिन तेलपाण्याने चमकवू नका, कारण आदल्या दिवशी चकचकीत केलेले इंजिन पाहिले की तेथे गळती असावी असाच संशय येतो. किंमत एकाच ठिकाणी विचारू नका. विक्रेत्याने सांगितलेली रक्कम जुन्या गाडीची आहे की तिच्यात नव्या गाडीवरची सवलतही मिसळलेली आहे, हे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून मागा.

सर्व्हिसिंगची वही, पावत्या आणि दुसरी किल्ली बरोबर घ्या. आणि दुकानाशी पोहोचल्यावर लगेच मीटर दाखवायची घाई करू नका. तासभर थांबा, इंजिन थंड होऊ द्या, आणि मग मिस्त्रींना बोलावून त्यांच्यासमोर गाडी सुरू करा.

नमस्कार.