जुनं मॉडेल सवलतीत घ्यायचं की नव्या मॉडेलची वाट बघायची? स्विफ्टचा हिशोब मांडून बोलू

नमस्कार मंडळी.

छोटी हॅचबॅक घ्यायची ठरलीय. डाउन पेमेंटचे पैसे जमलेत, बँकेशी कर्जाचं बोलणं झालंय, घरात रंगावरून वाद होऊन रंगही ठरलाय. आणि तेवढ्यात भावकीतलं किंवा ऑफिसातलं कुणीतरी म्हणतं, "अरे, एवढ्यात कशाला घेतोस? नवीन मॉडेल येतंय की!" झालं. बुकिंग राहतं बाजूला, आणि रोज रात्री मोबाईलवर स्टिकर गुंडाळलेल्या टेस्टिंगच्या गाड्यांचे फोटो बघणं सुरू होतं.

आज याच प्रश्नावर बोलायचंय. पण नुसतं मोघम नको, म्हणून एक गाडी समोर ठेवू, जिचा निकाल आता लागलेला आहे. मारुतीची स्विफ्ट. २०२३च्या शेवटी आणि २०२४च्या सुरुवातीला स्विफ्ट घ्यायला निघालेला प्रत्येक जण याच कात्रीत सापडला होता. त्यांच्यापैकी कुणाचं थांबणं फळलं आणि कुणाचं नाही, हे आज आकड्यांत सांगता येतं.

माझं मत आधी सांगून टाकतो, मग कारणं देतो. गाडी घेतल्यावर जी गोष्ट मागाहून बसवता येत नाही, तिच्यासाठी थांबा. आणि ती येणार आहे हे कंपनीने किंवा सरकारने स्वतः जाहीर केलेलं असेल, तरच थांबा. बाकी कशासाठीही महिने घालवू नका.

[स्क्रीनवर: मे २००५, ऑगस्ट २०११, फेब्रुवारी २०१८, मे २०२४]

या तारखा बघा. स्विफ्ट आपल्याकडे पहिल्यांदा आली २००५ मध्ये. मग २०११, २०१८ आणि २०२४. म्हणजे दर सहा-सात वर्षांनी नवी पिढी. त्यामुळे २०२३ मध्ये "नवीन येणार" हा अंदाज बांधणं अवघड नव्हतंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये जपानच्या मोटार शोमध्ये सुझुकीने नवं रूप दाखवलंही. पण आपल्याकडे गाडी आली ९ मे २०२४ला. आणि सीएनजीवाली? ती थेट सप्टेंबर २०२४ मध्ये. आता विचार करा, पुण्यात किंवा ठाण्यात राहणारा, रोज पन्नास-साठ किलोमीटर चालवणारा, सीएनजीच हवी असलेला माणूस जपानमधले फोटो बघून थांबला असेल, तर जवळजवळ वर्षभर थांबला. "नवीन गाडी येतेय" ही बातमी बहुतेक वेळा पेट्रोलच्या गाडीची असते. तुमचं व्हेरिएंट कधी येणार, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो विचारायचा राहून जातो.

बरं, थांबलेल्यांना मिळालं काय?

लांबी १५ मिलिमीटरने वाढली. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, होतं तेवढंच राहिलं, २४५० मिलिमीटर. डिकी २६५ लिटर, म्हणजे जवळपास पूर्वीएवढीच. मागच्या सीटवर तिघं बसल्यावर दाटी होते म्हणून जे थांबले, त्यांच्या पदरात काही पडलं नाही. नवी पिढी म्हटलं की जागा वाढणारच असं आपण धरून चालतो, पण ते दरवेळी खरं नसतं.

इंजिन मात्र बदललं, आणि इथे जरा थांबून बघायला हवं. जुन्या स्विफ्टमध्ये चार सिलिंडरचं १.२ लिटरचं इंजिन होतं, ताकद साधारण ९० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप). नव्यात तीन सिलिंडरचं, तेही १.२ लिटरचंच, पण ताकद ८२ पीएसच्या आसपास. टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर, जवळपास तेवढाच, ११२ न्यूटन मीटर. शहरातल्या गर्दीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चालवताना हा फरक फारसा कळत नाही. पण गाडी भरलेली आहे, एसी सुरू आहे, आंबा घाट चढताय आणि पुढच्या ट्रकला ओलांडायचंय, तिथे इंजिन जोरात फिरत असताना मिळणारे ते आठ पीएस जाणवतात. सिग्नलला उभं असताना तीन सिलिंडरची थरथरही थोडी जास्त. ज्याला गाडी चालवण्याची हौस आहे, त्याच्यासाठी जुनी स्विफ्ट सवलतीत उचलणं हा चांगला निर्णय होता, आणि हे मी अगदी ठामपणे म्हणतो. नवं म्हणजे सगळ्या बाजूंनी सरस, असं मानून चालू नका.

"पण मायलेज वाढलं ना?" हो, वाढलं. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे मॅन्युअल गाडी २२.३८वरून २४.८० किलोमीटरवर गेली. ऐकायला मोठं वाटतं. हिशोब करू.

[स्क्रीनवर: वर्षाला १२,००० किमी]

महिन्याला हजार किलोमीटर, म्हणजे वर्षाला बारा हजार. जुन्या गाडीला ५३६ लिटर पेट्रोल लागेल, नवीला ४८४. फरक ५२ लिटरचा. लिटरला १०४ रुपये धरले तर वर्षाला साधारण ५,४०० रुपये. म्हणजे जुन्या स्टॉकवर डीलर ४० हजार सोडत असेल, तर नव्या गाडीला मायलेजमधून तेवढे भरून काढायला सात वर्षं लागतील. मायलेजसाठी थांबणं हा घाट्याचा सौदा आहे. निदान महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला तरी.

मग थांबण्यासारखं काय होतं? एअरबॅग. नव्या स्विफ्टमध्ये अगदी खालच्या व्हेरिएंटपासून सहा एअरबॅग आल्या, आणि पाचही सीटना तीन टोकांचे बेल्ट आले. जुन्या स्विफ्टमध्ये दोन एअरबॅग होत्या. भारतात बनलेल्या त्या जुन्या गाडीला ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने, डिसेंबर २०२२ मध्ये पाचपैकी एकच तारा दिला होता. मंडळी, स्क्रीन मोठी बसवता येते, सीट कव्हर बदलता येतात, अलॉय व्हील टाकता येतात, रिव्हर्स कॅमेरा बसवता येतो. पडद्यासारखी उघडणारी साइड एअरबॅग कुठल्याही ॲक्सेसरीजच्या दुकानात बसवून मिळत नाही. घरात लहान मूल आहे, आई-वडील मागे बसतात, मुंबई-बंगळुरू हायवेवरून गावी जाणं-येणं आहे, अशा घराने मे २०२४पर्यंत काढलेले महिने सार्थकी लागले. माझ्या हिशोबात या एका कारणापुढे चाळीस-पन्नास हजारांची सवलत टिकत नाही.

पण याच्याच पुढची गोष्ट फार कमी लोक बघतात. सुरक्षेचा मोठा बदल गाजावाजा करून नव्या चेहऱ्याबरोबरच येतो असं नाही. २०२५ मध्ये मारुतीने वॅगन आर, अल्टो के१०, सेलेरिओ आणि त्याच वर्षी बलेनो, या गाड्यांत सहा एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटना देऊन टाकल्या. बाहेरून गाडी तीच. हेडलाइट तेच, बंपर तोच. आता शोरूममध्ये त्या आठवड्यात दोन वॅगन आर शेजारी शेजारी उभ्या असतील तर बघून ओळखणं कठीण. एक दोन एअरबॅगवाली, सवलतीतली, आणि दुसरी सहावाली. म्हणून "ऑफर आहे साहेब" असं ऐकलं की पहिला प्रश्न विचारायचा: ही गाडी कुठल्या महिन्यात बनलीय, आणि त्यानंतर यात काय बदललं?

उलट बाजूचं उदाहरण आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये बनणाऱ्या गाडीचं. टाटा अल्ट्रोझ. जानेवारी २०२० मध्ये आली तेव्हाच ग्लोबल एनकॅपचे पाच तारे घेऊन आली. मे २०२५ मध्ये तिचं फेसलिफ्ट, म्हणजे त्याच पिढीचं बदललेलं रूप, आलं. दिवे बदलले, दाराची हँडल आत गेली, आत मोठे डिजिटल पडदे आले, सहा एअरबॅग सगळ्यांना मिळाल्या, पेट्रोलला एएमटी, म्हणजे स्वस्तातल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पर्याय आला. पण सांगाडा तोच, इंजिनं तीच. ज्याला डिझेल हॅचबॅक हवी होती आणि जो महिन्याला अडीच-तीन हजार किलोमीटर चालवत होता, त्याने २०२४ मध्येच वरचं व्हेरिएंट घेतलं असतं तरी त्याचं फार बिघडलं नसतं. ज्याला परवडणारी ऑटोमॅटिक हवी होती, त्याचं थांबणं बरोबर. एकाच गाडीवर दोन माणसांना दोन उत्तरं.

आता कराचं बोलू, कारण २०२५ मध्ये खरी उलथापालथ तिथे झाली.

मे २०२४ मध्ये स्विफ्टची सुरुवातीची किंमत ६.४९ लाख होती, एक्स-शोरूम, म्हणजे रस्ताकर आणि विमा सोडून. सप्टेंबर २०२५ मध्ये तीच गाडी ५.७९ लाखांपासून मिळायला लागली. छोट्या गाड्यांवरचा कर २८ टक्के जीएसटी आणि वर सेस, यावरून १८ टक्क्यांवर आला. चार मीटरच्या आतली लांबी आणि पेट्रोलचं इंजिन १२०० सीसीपर्यंत, अशा गाड्यांना हा फायदा. सत्तर हजारांचा फरक. नवीन डिझाइनची वाट बघून एवढे पैसे कधी वाचले असते?

यात थांबण्याचा नेमका धडा आहे. १५ ऑगस्ट २०२५ला लाल किल्ल्यावरून कर कमी होणार असं जाहीर झालं, ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने दर ठरवले, २२ सप्टेंबरपासून ते लागू झाले. या पाच आठवड्यांत ज्याने बुकिंग लांबवलं, त्याने अचूक केलं. घोषणा अधिकृत होती, आणि ३ सप्टेंबरनंतर तर तारीख ठरलेली होती, रक्कम मोजता येत होती. पण जुलैमध्ये ज्याने गाडी घेतली त्याने स्वतःला दोष देऊ नये. त्याला कुणीच काही सांगितलेलं नव्हतं.

आणि स्टिकर गुंडाळलेल्या गाड्यांबद्दल एक सांगतो. आपल्याकडे चाकण आहे, तळेगाव आहे, पुण्यात एआरएआयसारखी गाड्या तपासणारी संस्था आहे. त्यामुळे पुण्याच्या आसपास अशा गाड्या रस्त्यावर दिसतच राहतात. दिसली म्हणजे दोन महिन्यांत शोरूमला येणार, असं काही नसतं. कधी चाचण्या वर्ष-दीड वर्ष चालतात, कधी ती गाडी निर्यातीची असते. कंपनीने बुकिंग उघडलं, टोकन घ्यायला सुरुवात केली, म्हणजे खरं. स्विफ्टचं बुकिंग ११ हजार रुपये घेऊन सुरू झालं ते लाँचच्या जेमतेम आठवडाभर आधी.

आता समजा तुम्ही ठरवलंत, जुनंच मॉडेल सवलतीत घेतो. उत्तम. मग या गोष्टी नीट बघा.

गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष फॉर्म २२ वर, म्हणजे गाडीबरोबर येणाऱ्या कंपनीच्या प्रमाणपत्रावर असतं. तो आधी मागा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, त्यावरूनही अंदाज येतो. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी जानेवारीत घेतलीत तर विकताना समोरचा ती एक वर्ष जुनीच धरणार. त्याची किंमत सवलतीतून आत्ताच वसूल करा.

दुसरं विम्याचं. गाडीची आयडीव्ही, म्हणजे चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी जास्तीत जास्त रक्कम, ही गाडीच्या वयाप्रमाणे घटत जाते. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३० टक्के. पण कंपनीने मॉडेल बंद केलं असेल तर हा तक्ता बंधनकारक राहत नाही. रक्कम विमा कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायची असते. त्यामुळे नूतनीकरणाच्या वेळी एजंटने सांगितलेला आकडा मुकाट्याने मान्य करू नका, चार ठिकाणी विचारा.

तिसरं, तुम्ही गाडी किती वर्षं ठेवणार? जुन्या बाजारात गिऱ्हाईक पहिलं विचारतं, "जुना शेप की नवा शेप?" तीन-चार वर्षांत विकणार असाल तर या प्रश्नावर चांगलेच पैसे तुटतात. दहा वर्षं वापरणार असाल तर तोवर तो नवा शेपही जुना झालेला असतो, आणि भाव इंजिन, सर्व्हिसच्या नोंदी आणि पत्र्यावर ठरतो.

आणि ज्यांच्याकडे आज गाडीच नाही, रोज रिक्षा-कॅबवर पैसे जातायत, घरात कुणाला दवाखान्यात न्यायचंय, त्यांनी थांबूच नये. सहा एअरबॅगवाली जी छोटी गाडी आज बजेटमध्ये बसते ती घ्यावी. आता तशा पुष्कळ आहेत. वाट बघण्याचाही खर्च असतो. कंपन्या बहुतेक दर जानेवारीत किमती वाढवतात, आणि महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ताकर आहे. म्हणजे किंमत २० हजारांनी वाढली की करही २,२०० रुपयांनी वाढला. दारातली जुनी गाडी एक्स्चेंजला द्यायची असेल तर तिचाही भाव महिन्यागणिक उतरतोय.

शेवटचं बुकिंगबद्दल. गुढीपाडवा किंवा दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी हवी म्हणून घाईत टोकन भरलं जातं. पावतीवर व्हेरिएंट, रंग, उत्पादनाचं वर्ष आणि बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत, हे लिहून घ्या. किंमत बहुतेक ठिकाणी डिलिव्हरीच्या दिवशीची लागते, बुकिंगच्या दिवशीची नाही. हेही आधी विचारा. आणि नवं मॉडेल बुक करत असाल तर टेस्ट ड्राइव्ह घेतल्याशिवाय टोकन देऊ नका. फोटोत तीन सिलिंडरची थरथर दिसत नाही.

तुमचा निर्णय अडला असेल तर कॉमेंटमध्ये चार गोष्टी लिहा: कुठली गाडी, महिन्याला किती किलोमीटर, किती वर्षं ठेवणार, आणि डीलर किती सवलत देतोय. पुढच्या व्हिडिओत त्यातले हिशोब असेच एकेक करून मांडू.