आट्यांत अडकलेली चोक ट्यूब

शॉटगनच्या, म्हणजे छर्रे झाडणाऱ्या बंदुकीच्या, नळीचे तोंड जवळून पाहिले, तर कडेच्या आत आणखी एक बारीक वर्तुळ दिसते. ते नळीचेच अंग वाटावे, इतके तिच्याशी एकजीव झालेले असते. मात्र त्याच्या काठावर कोरलेल्या खाचा सांगतात की हा भाग वेगळा आहे, आट्यांवर आत बसवलेला आहे आणि पान्याने फिरवून बाहेर काढता येतो. हीच चोक ट्यूब. ती सहज फिरते तोवर तिचा कोणी विचारही करत नाही. एके दिवशी पाना लावल्यावर ती जागची हलत नाही आणि मग पुढची काही मिनिटे त्या बंदुकीच्या दृष्टीने निर्णायक ठरतात, कारण नळीचे कायमचे नुकसान होते ते बहुधा याच वेळी, जोर लावण्याच्या घाईत.

चोकचे काम छऱ्यांचा पसारा आवरण्याचे आहे. बारा बोअर या प्रचलित मापाच्या बंदुकीत नळीचा आतील व्यास साधारण १८.५ मिलिमीटर असतो. फुल चोकमध्ये तोंडाजवळची वाट त्याहून सुमारे एक मिलिमीटरने अरुंद होते, मॉडिफाइड चोकमध्ये अर्ध्या मिलिमीटरने आणि इम्प्रूव्हड सिलिंडरमध्ये जेमतेम पाव मिलिमीटरने. एवढ्याशा फरकावर छर्रे पुढे किती फाकणार हे ठरते. पूर्वी चोक नळी घडवतानाच तिच्या तोंडात साधलेला असे, त्यामुळे वेगळा पसारा हवा असेल तर नळी बदलावी लागे किंवा दुसरी बंदूक घ्यावी लागे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस विंचेस्टर कंपनीने आट्यांवर बसणाऱ्या बदलत्या ट्यूब आणल्या आणि पुढे बहुतेक उत्पादकांनी हीच पद्धत स्वीकारली. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण त्या सोयीसाठी नळीच्या तोंडाशी आतून आटे पाडावे लागले आणि तिथली भिंत आणखी पातळ झाली. आजच्या विषयात ही पातळ भिंत आपल्याला पावलोपावली लक्षात ठेवावी लागणार आहे.

ट्यूब जाम होण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिच्या मागच्या टोकापासून होते. ट्यूबची मागची कड नळीच्या आत ठेवलेल्या पायरीवर घट्ट टेकलेली असावी लागते. गोळीबाराच्या हादऱ्याने ट्यूब थोडी जरी सैल झाली, तरी त्या कडेपाशी फट पडते आणि प्रत्येक बाराबरोबर गरम वायू तिच्यातून मागे आट्यांकडे शिरतो. त्याच्यासोबत जळलेल्या दारूची काजळी जाते, काडतुसातील प्लॅस्टिकच्या वॅडचे, म्हणजे दारू आणि छर्रे यांच्यामधल्या बुचाचे, वितळलेले कण जातात, शिशाचे अंश जातात, आणि हे सारे आट्यांच्या खोबणीत थरावर थर बसत राहते. त्यात दमट हवेत बंदूक न पुसता ठेवली गेली की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो नुसता चिकटवत नाही, तर दोन्ही पृष्ठभागांच्या मध्ये पाचर ठोकल्यासारखा दाबून बसतो. स्टेनलेस पोलादाची ट्यूब कोरडीच बसवली असेल, तर गंजाशिवायही ती अडकू शकते. अशा वेळी धातू धातूवर घासून ओढला जातो आणि आट्यांचे माथे एकमेकांना धरून बसतात.

दुसरे कारण याहून वेगळे आहे आणि त्याची ओळख आधी पटली नाही, तर सगळे कष्ट वाया जातात. शिशाचे छर्रे मऊ असल्यामुळे अरुंद चोकमधून जाताना ते स्वतः दबतात. पोलादी छर्रे दबत नाहीत. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर देशभर बंदी आली आणि पोलादी छर्रे सर्रास वापरात आले, तेव्हा जुन्या, फार अरुंद ट्यूबमधून ते झाडण्याचा परिणाम पुढे आला. कठीण छऱ्यांच्या माऱ्याने ट्यूबची भिंत बाहेरच्या बाजूला ठोकली जाते, ती फुगते आणि नळीच्या भिंतीत रुतून बसते. अशी ट्यूब मळाने अडकलेली नसते, तर तिचा आकारच बदललेला असतो. तिच्यावर कितीही तेल ओतले तरी उपयोग होत नाही. म्हणून हातात पाना घेण्याआधी या बंदुकीतून कोणते छर्रे झाडले गेले आहेत आणि ट्यूबवर पोलादी छऱ्यांसाठी ती चालते की नाही याची काही खूण आहे का, हे पाहणे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

प्रत्यक्ष कामाला लागण्यापूर्वी बंदूक रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्हींनी करायची असते. कोठा, म्हणजे नळीत काडतूस बसण्याची जागा, पाहावा, मॅगझिन पाहावे, काडतुसे खोलीबाहेर ठेवावीत आणि मग नळी बंदुकीपासून पूर्ण वेगळी करावी. नळी अंगावरून उतरल्याशिवाय तिच्या तोंडाशी कोणतेही काम करू नये. या नियमाला अपवाद नाही. नळी वेगळी करण्याचा दुसरा लाभ असा की तेल आणि द्रावणे लाकडी दस्त्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि त्याची पॉलिश शाबूत राहते.

आता तेल. आटे सुटवण्यासाठी मिळणारे पातळ, झिरपणारे तेल इथे वापरायचे असते, यंत्राला घालायचे दाट वंगण नव्हे. हे तेल बहुतेक जण फक्त तोंडाच्या बाजूने, खाचांपाशी चार थेंब सोडून घालतात, आणि तिथेच पुष्कळांचा प्रयत्न फसतो, कारण खरा थर बसलेला असतो तो मागच्या टोकाला. दोन्ही बाजूंनी तेल पोहोचवण्याचा मार्ग सोपा आहे. नळीच्या तोंडात रबरी बूच घट्ट बसवावे, नळी तोंड खाली करून उभी बांधावी आणि मागच्या बाजूने इतके तेल ओतावे की ट्यूब पूर्ण बुडून वर दोन बोटे तेल उभे राहील. बाहेरून तोंडाच्या कडेलाही तेल लावत राहावे. मग थांबावे. एक रात्र हा कमीत कमी काळ समजावा. दोन-तीन दिवस दिले तर अधिक चांगले. काही कारागीर ॲसिटोन आणि मोटारीच्या गिअरमधील पातळ ट्रान्समिशन तेल समभाग मिसळून वापरतात. ते मिश्रण चांगले झिरपते, पण ॲसिटोन झटकन पेट घेते, म्हणून ते मोकळ्या हवेत आणि ज्योतीपासून दूरच वापरावे.

पडद्यावर दिसणारी ही नळी दोन दिवस अशी उभी होती. बूच काढल्यावर ट्यूब आणि नळी यांच्यामधल्या केसाएवढ्या रेषेकडे लक्ष द्या. कापडाने पुसल्यावर काही क्षणांत तिथे तपकिरी तेलाचा ओलसर कडा पुन्हा उमटतो. तेल मागून आत शिरले आणि गंज सोबत घेऊन पुढे आले, याची ही खूण आहे. ती दिसत नसेल, तर पाना लावण्याची वेळ अजून आलेली नाही.

पाना त्याच ट्यूबसाठी बनवलेला आणि खाचांत पूर्ण खोलीपर्यंत बसणारा असावा. नाणे, स्क्रू ड्रायव्हर किंवा पट्टीचा तुकडा खाचेच्या वरच्या कडेवरच टेकतो आणि जोर दिला की ती कड चुरगळते. एकदा खाचा गेल्या की धरायला काही उरत नाही. पान्याइतकाच प्रश्न नळी कशात धरायची याचा आहे. व्हाइसच्या पोलादी जबड्यांत ती थेट धरली, तर तिचा गोलपणा जातो. तोंडाजवळ, अगदी ट्यूबच्या वर पकडली, तर आपणच नळी ट्यूबवर दाबून आटे आणखी आवळतो. त्यासाठी लाकडाचे दोन ठोकळे नळीच्या बाहेरच्या गोलाईप्रमाणे कोरून, आतून चामडे लावून, ट्यूबच्या मागे, नळी जिथे जाड आहे तिथे धरावेत. दुनळी बंदुकीत पट्ट्यांवर, म्हणजे रिबवर, दाब येणार नाही असे पाहावे.

फिरवण्याची दिशा साधारणपणे समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट असते. सुरुवातीला मात्र अगदी किंचित आवळण्याच्या दिशेने दाब द्यावा आणि मग उलट फिरवावे, त्यामुळे गंजाचा थर तडकतो. पान्याला लांब पाइप जोडून जोर वाढवण्यापेक्षा त्याच्या मुठीवर लाकडी हातोडीने हलके, एकसारखे ठोके देणे आमच्या मते केव्हाही श्रेयस्कर. अडकलेला थर सततच्या ताणापेक्षा धक्क्याने लवकर सुटतो आणि नळीला पीळ बसत नाही.

उष्णतेचा उपयोग होतो, पण तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. वीस मिलिमीटर व्यासाचे पोलाद ८० अंश सेल्सियसने तापले, तर तो व्यास मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतका वाढतो, आणि ट्यूबही सोबत तापली तर तेवढाही फरक राहत नाही. खरा फायदा पुन्हा पुन्हा तापण्या-निवण्याने होतो, कारण त्यामुळे थर भेगाळतो आणि तेलाला नवी वाट मिळते. तापवण्याआधी तेल आणि ॲसिटोन पूर्ण पुसून काढावे आणि नळीच्या तोंडाकडील भाग बाहेरून कढत पाण्याने गरम करावा. गॅसची ज्योत अजिबात वापरू नये. अनेक नळ्यांच्या रिब मऊ डाखाने जोडलेल्या असतात. कथिल आणि शिसे यांचा नेहमीचा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतो, आणि ज्योतीखाली ते तापमान कधी ओलांडले हे कळतही नाही.

ट्यूब हलली की तिला एका दमात बाहेर ओढण्याचा मोह होतो. तो आवरावा. पाव फेरा सोडावा, थोडे मागे घ्यावे, तेल सोडावे, पुन्हा पुढे न्यावे. सुटलेले कठीण कण आट्यांत फिरत असतात आणि ते सरळ ओढून नेले, तर नळीच्या आट्यांवर चरे पडतात. करकर जाणवली की थांबून तेल द्यावे.

एवढे करूनही ट्यूब जागची हलत नसेल, किंवा ती फुगलेली असल्याचा संशय असेल, तर काम बंदुकीच्या कारागिराकडे सोपवणे हाच मार्ग उरतो. तो आतून पसरून पकडणाऱ्या हत्याराने ट्यूब धरून पाहतो आणि तेही जमले नाही, तर ट्यूबचा बळी देतो. तिची भिंत लेथवर आतून पातळ केली जाते, किंवा तिला लांबीच्या दिशेने बारीक चिरा पाडून ती आत मोडली जाते. चीर नळीच्या आट्यांना स्पर्श करण्याच्या किंचित अलीकडे थांबवावी लागते. हे हाताचे कसब आहे आणि घरी करवतीचे पाते घेऊन त्याचा प्रयोग करू नये. ट्यूब नवी मिळते, तर नळीतले आटे गेले की बहुधा नळीच बदलावी लागते.

ट्यूब निघाल्यावर नळीचे आटे ब्रशने आणि द्रावणाने धातूचा रंग दिसेपर्यंत साफ करावेत, मागच्या पायरीवर काही चिकटून राहिले आहे का ते दिव्याच्या उजेडात पाहावे आणि तोंड बाहेरून फुगलेले नाही ना, हे बोट फिरवून तपासावे. जुन्या ट्यूबच्या खाचा किंवा कड बिघडली असेल, तर ती पुन्हा वापरू नये. ट्यूबशिवाय बंदूक झाडणेही टाळावे, कारण मग उघडे आटे थेट छर्रे आणि वायू यांच्या तोंडी येतात. नवी ट्यूब त्याच बनावटीच्या आट्यांची असावी, आणि तिच्या आट्यांवर जाम होऊ न देणाऱ्या तांबेयुक्त किंवा निकेलयुक्त लेपाचा पातळ थर लावून ती नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवत न्यावी. ती बोटांनी शेवटपर्यंत गेली, तर आटे शाबूत आहेत. मधेच अडली, तर जोर न लावता तिथूनच परत काढावी. पूर्ण बसल्यावर पान्याने हलकेच टेकवावी, आणि मैदानावर दर पंचवीस बारांनंतर, बंदूक रिकामी करून, ती सैल झालेली नाही ना, हे पुन्हा पाहावे.