पेसमेकर : हृदयाच्या ठोक्यांवरचा पहारा

श्रोतेहो, नमस्कार. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो निर्माण करत असलेल्या विद्युत संदेशामुळे, माणूस विश्रांती घेत असताना, हृदयाचे मिनिटाला साधारण 60 ते 100 ठोके पडतात. हा पुंजका मंदावला, किंवा खालच्या कप्प्यांकडे जाणाऱ्या संदेशाच्या वाटेत अडथळा आला, की ठोके कमी होतात, मेंदूला रक्त अपुरे पडते आणि माणूस कधी कधी उभ्या उभ्या कोसळतो. ‘वय झाले, चक्कर येणारच’ असे म्हणून हे दुखणे अंगावर काढले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते; कारण त्यावरचा उपाय, म्हणजे हृदयाला विद्युत स्पंद देणारे पेसमेकर हे छोटे यंत्र, आज अतिशय भरवशाचा आहे.

8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोममध्ये शल्यचिकित्सक ओके सेनिंग यांनी, अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी तयार केलेला पेसमेकर आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवला. ते यंत्र काही तासांतच बंद पडले. तरीही, पुढे वीसहून अधिक यंत्रे बदलत, लार्सन 86 वर्षांचे होईपर्यंत जगले आणि 2001 मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा सेनिंग आणि एल्मक्विस्ट हे दोघेही हयात नव्हते.

आता त्यासाठी छाती उघडावी लागत नाही. बहुधा तेवढ्याच जागेला भूल देऊन कॉलर बोनखाली छोटा छेद घेतात, शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेतात आणि यंत्र त्वचेखाली ठेवतात. हे यंत्र सतत ठोके देत राहते, हा समज चुकीचा आहे. ते हृदयाचा प्रत्येक ठोका टिपत असते. तो वेळेवर पडला तर स्वस्थ राहते, चुकला तरच सूक्ष्म विद्युत स्पंद देते. रक्तवाहिनीतील अडथळा मात्र ते दूर करत नाही. त्यासाठी अँजिओप्लास्टी किंवा बायपास हे वेगळे उपचार आहेत. जीवघेण्या वेगाने धडधडणारे हृदय झटका देऊन ताळ्यावर आणणारे यंत्रही निराळेच असते.

घरातील बहुतेक विजेची उपकरणे नेहमीप्रमाणे वापरता येतात. मोबाइल मात्र यंत्रापासून 15 सेंटिमीटर दूर ठेवावा, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नये. एमआरआय करण्यापूर्वी पेसमेकरचे ओळखपत्र न विसरता दाखवावे, कारण सगळीच यंत्रे त्या तपासणीसाठी सुरक्षित नसतात. बॅटरी अनेक वर्षे चालते आणि ती संपत आल्याचे नियमित तपासणीत आधीच कळते. तेव्हा यंत्र बदलतात, तारा चांगल्या असतील तर त्याच ठेवतात.