सैतानपंथ : आधी आरोप, मग धर्म

१९ एप्रिल १८९७. पॅरिसच्या भूगोल संस्थेचं सभागृह माणसांनी भरलंय. पत्रकार आहेत, पाद्रीही आहेत. लेओ ताक्सिल नावाचा लेखक आज डायना व्हॉनला लोकांसमोर आणणार आहे. सैतानाची ही पुजारीण पश्चात्ताप होऊन कॅथलिक झाली, असं जमलेल्यांनी वाचलंय. फ्रीमेसन या गुप्त संघटनेची मंडळी चोरून सैतान पूजतात, हे तिच्या नावाने छापलेल्या आठवणींतही आलेलं. डायना येत नाही. ताक्सिल उभा राहतो आणि सांगतो, की १२ वर्षं आपण जे लिहिलं, ती सगळी थाप होती. सभागृहात गदारोळ होतो. याच ताक्सिलला १८८७ मध्ये खुद्द पोप तेरावे लिओ यांनी भेट दिली होती.

एवढ्या लोकांनी विश्वास कसा ठेवला? कारण जमीन कित्येक शतकं नांगरलेली होती.

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात सैतान देवाच्या दरबारातच उभा राहतो. माणसाची निष्ठा खरी की खोटी, हे तपासायची परवानगी तो देवाकडेच मागतो. देवाचा कट्टर शत्रू, नरकाचा राजा हे रूप त्याला पुढे मिळालं. आणि असा शत्रू आहे म्हटल्यावर त्याचे हस्तकही असणारच, ही समजूत युरोपात घट्ट झाली. १३०७ मध्ये फ्रान्सच्या राजाने टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या सरदारांना पकडलं. बाफोमेट नावाची मूर्ती पूजल्याचे कबुलीजबाब त्यांच्याकडून छळ करून घेतले गेले. पुढे चेटकिणींच्या खटल्यांत सुमारे ४० ते ६० हजार माणसं मारली गेली, त्यात बहुतेक बायका.

दुसऱ्याच्या दैवताला सैतान ठरवणं गोव्यातही घडलं. गावाची राखण करणारा देवचार, ज्याला आजही रोट आणि दारू ठेवतात, त्याला पोर्तुगीज मिशनऱ्यांनी ख्रिस्ती सैतानाच्या जागी नेऊन बसवलं.

सैतानाकडे आदराने पाहणारी नजर आधी कवितेत आली. इंग्रज कवी मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या १६६७ सालच्या महाकाव्यात तो हरतो, पण वाकत नाही. पुढच्या काळात शेलीसारख्या कवींना तो अन्यायी सत्तेपुढे उभा ठाकलेला बंडखोर वाटला.

या नावाचा उघड, संघटित धर्म मात्र यायला १९६६ उजाडावं लागलं. ३० एप्रिलच्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत अँटन लावे यांनी ‘चर्च ऑफ सेटन’ स्थापन केलं. गंमत अशी, की सैतान खरोखर आहे, असं ते मानतच नव्हते. त्यांच्यासाठी तो माणसाच्या अहंकाराचं, देहाच्या सुखाचं, स्वतःच्या मर्जीने जगण्याचं प्रतीक होता. दुबळ्यांविषयीची त्यांची तुच्छता मला अजिबात पटत नाही. १९७५ मध्ये त्यांच्यातून फुटून ‘टेंपल ऑफ सेट’ निघालं. त्या मंडळींची मात्र सेट या प्राचीन इजिप्तमधल्या देवतेवर खरी श्रद्धा आहे.

२०१३ मध्ये आलेलं ‘द सेटॅनिक टेंपल’ आणखी वेगळं. सैतान खरा आहे असं तेही मानत नाहीत. त्यांच्या सात तत्त्वांपैकी पहिलं आहे करुणेचं. सरकारी आवारात दहा आज्ञांची शिळा उभी राहते, तेव्हा ते आपल्या बाफोमेटच्या पुतळ्यासाठीही जागा मागतात. सरकारने एका धर्माला झुकतं माप देऊ नये, ही त्यांची लढाई.

पण धर्म उभा राहिला म्हणून आरोप थांबले नाहीत. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीत सैतानी विधींत मुलांचा छळ होतो, असा बोभाटा १९८३ नंतर झाला. खटला १९९० पर्यंत चालला आणि एकही आरोपी दोषी ठरला नाही. अमेरिकेच्याच आर्कान्सा राज्यातल्या वेस्ट मेंफिसमध्ये १९९३ मध्ये तीन लहान मुलांचा खून झाला. काळे कपडे आणि मेटल संगीताची आवड हेही सैतानपूजेचा पुरावा म्हणून मांडलं गेलं. तीन तरुण दोषी ठरले, एकाला देहदंडाची शिक्षा झाली. २०११ मध्ये ते तिघे सुटले.

आणि यझिदी? उत्तर इराकमधले हे लोक मोराच्या रूपातल्या मलेक ताऊस या देवदूताला मानतात. सैतानपंथाशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. तरी शेजारी त्यांना शतकानुशतकं सैतानपूजक म्हणत आले. ऑगस्ट २०१४ मध्ये याच आरोपाचा आधार घेत ‘इस्लामिक स्टेट’ने त्यांच्या सिंजार भागावर हल्ला केला. पुरुषांना ठार मारलं, बायका-मुलींना गुलाम म्हणून विकलं. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१६ मध्ये याला वंशसंहार म्हटलं.