तीन तबकड्यांचं भांडण: डीप पर्पलचा सर्वोत्तम अल्बम कोणता?

(पडद्यावर: माँट्रो. हिवाळी सकाळ, तळ्यावर धुकं.)

स्वित्झर्लंडमधलं माँट्रो गाव. 4 डिसेंबर 1971. तळ्याकाठच्या कॅसिनोत अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झॅपाचा कार्यक्रम रंगात आलेला, आणि गर्दीतल्या कुणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर गन झाडली. बघता बघता अख्खा कॅसिनो जळून गेला आणि धूर तळ्यावर पसरला. झॅपाचा कार्यक्रम उरकला की याच कॅसिनोत डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडला रेकॉर्डिंग करायचं होतं.

आता पंचाईत बघा. रोलिंग स्टोन्स या बँडकडून घेतलेला रेकॉर्डिंगचा ट्रक दारात उभा आणि वाजवायला जागाच नाही. पॅव्हिलियन नावाच्या थिएटरात एका गाण्याचा सांगाडा घेऊन होतोय, तोवर आवाजाच्या तक्रारी गेल्या आणि पोलीस दारावर आले. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल मिळालं. थंडगार रिकामा कॉरिडॉर, आवाज घुमू नये म्हणून उभ्या केलेल्या गाद्या आणि मधोमध ड्रम. घेतलेलं ऐकायला ट्रकपर्यंत जायचं, तर खोल्या आणि बाल्कन्या ओलांडत वळसा पडायचा. पोरांनी ऐकायला जाणंच सोडलं. वाजवताना बरं वाटलं ना? मग पुढचं गाणं घ्या!

असा झाला ‘मशीन हेड’. सात गाणी, 1972 च्या मार्चमध्ये बाजारात. पॅव्हिलियनमधल्या त्या सांगाड्याचंच पुढे ‘स्मोक ऑन द वॉटर’, म्हणजे पाण्यावरचा धूर, हे त्यांचं सर्वात गाजलेलं गाणं झालं. गंमत म्हणजे सिंगल म्हणून, म्हणजे सुट्या गाण्याची तबकडी म्हणून, आधी काढलं ‘नेव्हर बिफोर’. ते आज कुणाला गुणगुणता येतंय का, बघा.

पर्पलचा सर्वोत्तम अल्बम विचारलात, तर दहातले बरेच जण डोळे मिटून ‘मशीन हेड’ म्हणतील. मी म्हणणार नाही.

कारण त्याच वर्षी, ऑगस्टच्या 15 आणि 16 तारखेला ओसाकात आणि 17 ला टोकियोच्या बुदोकानमध्ये, पर्पलने ही गाणी पुन्हा वाजवली. लाइव्ह अल्बमची बँडला हौस नव्हती. आग्रह जपानी कंपनीचा. त्यातून ‘मेड इन जपान’ निघाला. त्यातल्या सात गाण्यांपैकी चार ‘मशीन हेड’ची आहेत, आणि ‘लेझी’ सोडलं तर बाकीची तीन मला जपानमध्येच जास्त आवडतात. ‘स्पेस ट्रकिन’’ स्टुडिओत साडेचार मिनिटांत संपतं. जपानमध्ये ते जवळपास वीस मिनिटं चालतं. मधे जॉन लॉर्डचा ऑर्गन असा काही गुरगुरतो, की हेच वाद्य चर्चमध्येही वाजतं यावर विश्वास बसत नाही. (लॉर्ड आपला हॅमंड, म्हणजे विजेवरचा ऑर्गन, थेट गिटारच्या मार्शल अँपला जोडायचा. गुरगुर तिथली.)

म्हणजे ‘मशीन हेड’ला हरवलं कुणी? त्याच पाच जणांनी, रेकॉर्डिंगनंतर आठ महिन्यांत.

(पडद्यावर: ‘इन रॉक’चं कव्हर. अमेरिकेतल्या माउंट रशमोरच्या कड्यात कोरलेले पाच केसाळ चेहरे.)

माझं मत ‘इन रॉक’ला. जून 1970.

त्याच्या आधीच्या सप्टेंबरात हाच बँड लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये अख्ख्या ऑर्केस्ट्रासोबत बसला होता. रचना लॉर्डची. त्याचं कौतुक झालं, पण गिटारिस्ट रिची ब्लॅकमोर वैतागला. आपण काय ऑर्केस्ट्रावाले? ‘इन रॉक’ हे त्याचं उत्तर. पहिलंच गाणं, ‘स्पीड किंग’. सुरुवातीला नुसता कल्लोळ, गिटार भिंतीवर आपटल्यासारखी. मग अचानक शांत ऑर्गन, देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यासारखा. आणि तुम्ही जरा सैलावलात, की पाचही जण एकदम अंगावर. अमेरिकन आवृत्तीत तो सुरुवातीचा कल्लोळच कापून टाकला होता. ती तबकडी ऐकून ज्यांनी मत बनवलंय, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

‘ब्लडसकर’, ‘हार्ड लव्हिन’ मॅन’... या गाण्यांना पुढे कुठल्याही मंचावर खुद्द पर्पललाही मागे टाकता आलं नाही. तो धसमुसळेपणा त्याच तबकडीत राहिला.

आता माझी अडचणही सांगून टाकतो. ‘इन रॉक’चं शिखर म्हणजे ‘चाइल्ड इन टाइम’, आणि गायक इयन गिलनची ती किंकाळी ओसाकात आणखी वर चढते. शिवाय गाण्याची मूळ धून पर्पलची नाहीच. ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडचं व्हायोलिनवरचं एक गाणं होतं. लॉर्ड ते ऑर्गनवर संथ लयीत वाजवत बसला आणि गिलन त्यावर गाऊ लागला. त्या मूळ गाण्याचं नाव ‘बॉम्बे कॉलिंग’. 1995 च्या एप्रिलमध्ये पर्पल मुंबईत वाजवून गेले, त्या कार्यक्रमाच्या व्हिडिओलाही पुढे हेच नाव दिलं गेलं. तोवर ब्लॅकमोर बँड सोडून गेला होता. गिटार स्टीव्ह मोर्सच्या हातात होती.

(पडद्यावर: तबकडीवर सुई टेकते. ‘इन रॉक’, पहिली बाजू.)

आवाज जरा वाढवा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.