ही चटणी कुणाच्या हातची?

नमस्कार मंडळी.

इथं परदेशात आपल्या मंडळात घराण्यातल्या पाककृतींवर बोल, असं कार्यकारिणीनं सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिली चटणी आली. मी कोल्हापूरची, म्हणजे तांबडा-पांढरा रस्सा येणार हे तुम्ही धरूनच चालला असाल. तोही येईल. पण तांबड्याचा रंग आणि चव शेवटी चटणीच्या बरणीतून येते, म्हणून आधी ती. आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून वर्षाची करून ठेवलेली तिखटाची पूड. आमटीत तीच, भाजीत तीच, आणि घरात काही नसलं की भाकरीवर तेल टाकून तीच.

मार्च सरला की लक्ष्मीपुरीच्या बाजारात मिरचीचे ढीग लागतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. एक हावेरी जिल्ह्यातल्या गावाच्या नावाची, दुसरी बेळगाव जिल्ह्यातल्या. कोल्हापूरच्या ज्या तिखटाचा आपल्याला एवढा अभिमान, ते निम्मं कानडी मुलखातनं आलेलं आहे, आणि मला ते फार आवडतं. मुळात मिरचीच पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. म्हणजे आपल्या पणज्यांच्या पणज्यांनी कधीतरी हा परका जिन्नस हातात घेऊन, वास घेऊन, ‘ह्याचं काय करावं’ असा विचार केला असणार.

मग घरात आठवडाभर तेच. गच्चीवर जुन्या लुगड्यावर मिरच्या वाळत पडतात. दुपारी बायका देठं काढायला बसतात आणि संध्याकाळी बोटांची आग होते. कांदा उभा चिरून उन्हात सुकवायचा आणि तेलात तांबूस तळायचा. धणे, जिरे, तीळ, खसखस, सुकं खोबरं एकेक करून भाजायचं. लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल, बाद्यान, जायपत्री, मसाला वेलदोडा, हळकुंड तेलात परतायचं. सगळ्याचे वेगवेगळे डबे करून डंकावर, म्हणजे मसाला कुटून देणाऱ्या गिरणीत, जायचं. आधी मिरची कुटून, चाळून घ्यायची, मग मसाला, आणि शेवटी कांदा, लसूण, कोथिंबीर, खडे मीठ घालून पुन्हा सगळं एकजीव. नंबर येईपर्यंत बायका तिथंच बसून राहायच्या, कारण नजर हलली आणि दुसऱ्याच्या घाण्यातली मूठभर चटणी आपल्यात आली तर वर्ष वाया. घरी आल्यावर चिनी मातीची बरणी दाबून भरायची आणि वर हिंगाचा खडा ठेवायचा.

आमच्या घरचं प्रमाण विचाराल तर किलोभर मिरचीला अर्धा किलो कांदा, आणि लसूण, खोबरं, धणे पाव-पाव किलो. शेजारच्या घरात कांदा किलोभर. समोरच्या घरात खोबरं अगदी नावाला. एका बोळातल्या, एका भावकीतल्या चार घरांच्या चार चटण्या. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, असं का? आजी म्हणाली, “सुना चार गावच्या हाइत की गं.”

ते उत्तर मला पुढं हळूहळू उलगडत गेलं. आमच्या चटणीत खोबरं सढळ पडतं, कारण पणजी घाटाखालची, कोकणातल्या वैभववाडीकडची. कोळशावर खोबऱ्याची अख्खी वाटी काळी होईपर्यंत भाजायची रीत तिची. संकेश्वरीचं प्रमाण आजीनं वाढवलं, ती गडहिंग्लजची. आई शिरोळ तालुक्यातली. तिनं तीळ जास्त घालायला सुरुवात केली तेव्हा घरात कुरबूर झाली, आणि दोन वर्षांनी तीळ कमी पडले म्हणूनही कुरबूर झाली. आज ज्याला आम्ही ‘आमच्या घराण्याची चटणी’ म्हणतो, ती आडनावाच्या माणसांनी केलेलीच नाही. लग्न करून आलेल्या बायकांनी आपापलं माहेर त्या बरणीत घातलं, तिची ती चव आहे.

आमच्याकडे एक वंशावळ आहे. जमिनीच्या वारसनोंदीसाठी कधीतरी काढलेली, लाल शाईतली. सात पिढ्या, सगळे पुरुष. पणजीचं नाव त्यात नाही. माहेरचं नाव तर घरात कुणालाच सांगता येईना, कारण लग्नात ते बदललेलं. तिचा म्हणून उरलेला एकमेव पुरावा म्हणजे ते काळं भाजलेलं खोबरं. या गोष्टीचं मला मनापासून दुःख होतं, आणि आज इथं उभी राहण्याचं कारणही तेच आहे.

2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही चढल्या, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात गेली. त्या दिवसांत ठिकठिकाणच्या घरांतून भाकरी आणि चटणी बांधून पूरग्रस्तांकडे आली, ते ऋण आमच्या भागातलं कुणी विसरलेलं नाही. माझ्या आजोळच्या घरातही छातीभर पाणी होतं. मामी लेकरांना घेऊन निघाली, गुरं सोडली, बाकी सगळं राहिलं. पाणी ओसरल्यावर फळीवरची वही सापडली, पण पानं चिकटून त्यांचा लगदा झाला होता. माझ्या आज्जीनं सांगितलेली आणि मामानं शाळकरी अक्षरात उतरवलेली चटणी, येसर, पुरणपोळीचा कट, बाळंतिणीचे लाडू, सगळं त्यात होतं.

पुढच्या उन्हाळ्यात टाळेबंदी. मामीनं काय केलं, तर एकेका नणंदेला फोन लावला. एक मिरजेत, एक निपाणीला, एक पुण्यात, आणि माझी आई कोल्हापुरात. प्रत्येकीला विचारलं, तुम्ही आईकडनं काय उचलला होता? मिरजेच्या मावशीला मसाल्याचा क्रम पाठ होता. निपाणीच्या मावशीला लसूण किती आणि कधी घालायचा ते. पुण्याची मावशी म्हणाली, मला प्रमाण नाही आठवत, पण मिरची परतताना आई दार लावून घ्यायची आणि पहिला ठसका आला की कढई उतरवायची. आईला तिळांचं माहीत होतं. चार सासरी पसरलेली ती चटणी मामीनं फोनवरून पुन्हा गोळा केली. मे महिन्यात ती झाली, आणि आईनं चाखून सांगितलं, “मीठ तेवढं जास्त हाय, बाकी तीच.”

आता रस्सा. पांढरा रस्सा ज्यावर उभा राहतो ते आळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी. हळद, मीठ, आलं-लसूण, एवढंच. आमच्या घरात मटण शिजलं की पहिली वाटी लेकरांना आणि घरात बाळंतीण असेल तर तिला. मग त्यात खसखस, तीळ, काजूचं वाटण आणि नारळाचं दूध. लाल मिरचीचा कण नाही, तिखटपणा सगळा मिरी आणि खड्या मसाल्याचा. नारळाचं दूध घातल्यावर उकळी फुटू द्यायची नाही. तिथं आजी कुणाला जवळ येऊ द्यायची नाही, “मी बघतो, तू हो बाजूला” म्हणायची. हॉटेलातल्या पांढऱ्यात बहुतेकदा काजूच काजू असतो. चांगला लागतो, पण आळणीची चव त्याखाली दबते असं माझं स्पष्ट मत आहे.

कोल्हापूरच्या खाण्याबद्दल बोलताना एक गोष्ट वगळली तर ते बोलणं खोटं ठरेल. कुणाच्या हातचं कुणी खायचं, हे आपल्याकडे जात ठरवत होती. राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य ठरवलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथं जाऊन त्यांच्या हातचा चहा घेतला, तो याच गावात, भाऊसिंगजी रोडवर. त्या एका कपानं किती मोठा दरवाजा ढकलला हे आपण शाळेत शिकतो. पण पाककृतींच्या वह्यांत तो दरवाजा अजून पुरता उघडलेला नाही. ‘पारंपरिक कोल्हापुरी’ म्हणून जे छापलं जातं त्यात चान्या, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, कितीदा असतात? वजडी, रक्ती-मुंडी, म्हणजे जनावराची आतडी, रक्त, मुंडकं रांधणाऱ्या हातांची नावं कुठं असतात? मार्गशीर्षात रेणुकेच्या आंबील यात्रेला घरोघरी आंबील, घुगऱ्या, वडी-भाकरीचा नैवेद्य होतो, त्यातली आंबील तरी कुणी नीट लिहून ठेवली आहे का?

म्हणून मंडळानं पाककृतींचा जो संग्रह करायचं ठरवलं आहे, त्यात माझा आग्रह असा. पदार्थाच्या नावाखाली तो करणाऱ्या बाईचं नाव हवं, माहेरचं आणि सासरचं, दोन्ही गावं हवीत. तिनं सासूच्या रीतीत काय बदललं ते हवं. ‘अंदाजे’ लिहिलेलं चालेल, पण आई-आजी हयात असतील तर त्यांची मूठ, त्यांची वाटी एकदा वजनकाट्यावर ठेवा आणि फोनवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. त्यांच्या बोलीत, शुद्ध न करता. आणि हे काम फक्त मुलींवर सोपवू नका. आजोळची वही मामानंच लिहिली होती.

पुढच्या महिन्यात आपण इथंच चटणी करणार आहोत. ब्याडगी इथल्या भारतीय दुकानांत मिळते, संकेश्वरी मिळत नाही. तेव्हा तीन भाग ब्याडगी आणि एक भाग गुंटूर घेऊ, गुंटूर जहाल असते. परतायचं काम घराबाहेर, मागच्या अंगणात शेगडीवर, नाहीतर धुराचे अलार्म वाजतील. डंक नाही, म्हणून मिक्सरवर थोडं थोडं दळून दोनदा चाळायचं. कांदा आदल्या आठवड्यात वाळवून आणायला दोन-तीन घरं हवी आहेत, आणि देठं काढायला, लसूण सोलायला जितके हात मिळतील तितके. नावं आज जेवणानंतर माझ्याकडे द्या.