बूट आपले की कंपनीचे? अप्रेंटिस होण्याआधी कोणाला विचारायचं

नमस्कार. मागच्या मंगळवारी रात्री साडेदहाला आमच्या वाड्यावरच्या एका मुलाचा मेसेज आला. आयटीआय नुकतीच संपली, ट्रेड फिटर. इथे गोव्यात वेर्ण्याच्या एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून निवड झाली आहे, चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाली की हजर व्हायचं. मेसेजमध्ये नऊ प्रश्न होते. पहिला वाचून दाखवतो: "दादा, सेफ्टी बूट आपले न्यायचे की कंपनी देते?"

दुसऱ्या दिवशी त्याचे बाबा देवळाकडे भेटले. त्यांचा एकच प्रश्न होता, पर्मनंट करतात का. मामा बाजूलाच होता, त्याने विचारलं, "सरकारी आहे की खाजगी?"

बाबांना आणि मामाला मी उभ्या उभ्या उत्तर दिलं. मुलाच्या नऊपैकी सहा प्रश्नांना मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्वतः टर्नर ट्रेडमध्ये अप्रेंटिसशिप केली आहे, पण त्याला आठ वर्षं झाली, आणि ती कुंडईला. माझे बूट मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणले होते आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांचा तळ सुटला होता. वेर्ण्याची ती कंपनी आज काय देते, हे मला कसं कळणार?

म्हणून मी त्याला एका मुलाचा नंबर दिला. फोंड्याचा मुलगा, त्याच कंपनीत, त्याच ट्रेडला, तिथे अकरा महिने झालेले. आजचा व्हिडिओ या अकरा महिन्यांवर आहे.

याला पीअर मेंटरिंग म्हणतात. मराठीत समवयस्कांचं मार्गदर्शन वगैरे म्हणता येईल, पण तसं कोणी बोलत नाही. आपण म्हणतो, "त्याला विचार, तो आता तिथेच आहे." आमच्या डिचोलीकडे जत्रेला नाटक बसतं, तेव्हा विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टर उभा असतो. दिग्दर्शक वेगळा, पेटीवाले बुवा वेगळे. हा बहुतेक वेळा गेल्या वर्षी तीच भूमिका केलेला गडी असतो. कुठल्या वाक्याला जीभ अडखळते ते त्याला माहीत असतं, कारण त्याचीही तिथेच अडखळली होती.

आता तुम्ही म्हणाल, घरातली मोठी माणसं आहेत, आयटीआयचे सर आहेत, मग हा पोरगा कशाला? मोठ्यांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण डिचोली-सत्तरीत तो अनुभव कुठून आला ते बघा. खाणीच्या मालाचा एक ट्रक रस्त्यावर घातला की घर चालायचं. 2012 मध्ये खाणी थांबल्या. पुढे सुरू झाल्या, तर सर्वोच्च न्यायालयाने खाणींची 88 लीज रद्द केल्यावर 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. ज्यांनी दारात उभा ट्रक गंजताना बघितला, त्यांचा पहिला प्रश्न "पर्मनंट का?" हाच असणार. प्रश्न बरोबर आहे, फक्त अप्रेंटिसशिपला तो लागू पडत नाही.

कारण कायदा. जरा धीर धरा, दोन मिनिटांचं काम आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा. त्यात अप्रेंटिस हा कामगार धरला जात नाही, तो शिकणारा. मुदत संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नाही. मामा, ऐकताय ना? वास्कोच्या गोवा शिपयार्डसारखी सरकारी कंपनी असली तरी हेच. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनाला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. म्हणजे दोनशे माणसांच्या कारखान्यात कमीत कमी पाच. तेव्हा कंपनी तुमच्यावर उपकार करते आहे असं मनात ठेवून आत जाऊ नका.

पैशाचं नीट ऐका, इथे दरवर्षी घोळ होतो. 2019 च्या नियमांप्रमाणे दहावीवाल्याला महिना किमान 6000, आयटीआय झालेल्याला 7000, डिप्लोमाला 8000, पदवीधराला 9000. दुसऱ्या वर्षी दहा टक्के वाढ. 2025 च्या मे महिन्यात केंद्रीय शिकाऊ परिषदेने हे आकडे 36 टक्क्यांनी वाढवायची शिफारस केली, त्यामुळे तुमच्या करारावर कुठला आकडा आहे तो बोट ठेवून वाचा. आता घोळ कुठे, तर केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त 1500, सरकार देतं, आणि 2023 पासून तो थेट मुलाच्या खात्यात येतो. म्हणजे 7000 मधले 5500 कंपनीकडून आणि 1500 सरकारकडून, दोन वेगळ्या दिवशी. खातं आधारला जोडलेलं नसेल तर ते 1500 अडकतात. घरी वाटतं कंपनीने कापले, मुलाला वाटतं आपलंच काही चुकलं. फोंड्याच्या त्या मुलाने फोनवर पहिलं वाक्य हेच सांगितलं: "आधी बँकेत जाऊन ये, मग बाकीचं विचार." कुठल्या माहितीपत्रकात हे वाक्य या क्रमाने नसतं.

आता माझी गोष्ट. पहिला आठवडा. मी लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या मशीनवर, बाजूला सुपरवायझर. मी एक कट जास्त घेतला, व्हर्नियर लावला तर माप दोन दशांश मिलिमीटर खाली. त्याने बघितलं आणि म्हणाला, "जॉब गेला." आणि पुढच्या मशीनकडे वळला. माझ्या पोटात गोळा. मला वाटलं, आठवडाभरात काढून टाकला! डबा उचलून बॅगेत घातला, कोणाला काय सांगायचं याची जुळवाजुळव सुरू केली. कँटीनच्या नळावर एक वर्ष पुढचा मुलगा हात धूत होता. त्याने विचारलं कुठे चाललास, मी सांगितलं, आणि तो इतका हसला की साबण खाली पडला. मशीन शॉपमध्ये जॉब म्हणजे चकात, लेथच्या फिरत्या पकडीत, धरलेला लोखंडाचा तुकडा! तो वाया गेला, एवढंच.

हे मी सुपरवायझरला विचारलं असतं का? कधीच नाही. सरांना? नाही. लाज वाटली असती.

त्याच मुलाने मला दुसरी एक गोष्ट शिकवली, ती जास्त महत्त्वाची. (हातातली चावी कॅमेऱ्यासमोर धरून) ही चकाची चावी. जॉब आवळायचा आणि ही काढून घ्यायची. ती चकातच राहिली आणि मशीन सुरू झालं तर गोळीसारखी सुटते. मी एकदा आवळता आवळता बोलत होतो, हात चावीवरून सुटला होता. तो पलीकडून ओरडला, "पयलीं चावी काड, मागीर उलय!" म्हणजे आधी चावी काढ, मग बोल. त्या दिवसापासून माझा हात चावीशिवाय चकावरून उठत नाही. आयटीआयमध्ये भिंतीवर हाच नियम लिहिलेला होता, मी त्याच्याखाली बसून दोन वर्षं डबा खाल्ला होता. लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, लोखंडाचा कीस हाताने ओढायचा नाही, हेही भिंतीवर होतं. आपल्या वयाचा पोरगा घाबरून ओरडला तेव्हा ते अंगात गेलं.

आता माझी चूकही सांगतो. तीन वर्षांपूर्वी सत्तरीच्या एका मुलाने मला हॉटेलातल्या अप्रेंटिसशिपबद्दल विचारलं. मी आयुष्यात हॉटेलात काम केलेलं नाही. तरी दादा म्हणून विचारलंय म्हटल्यावर गप्प बसवेना. म्हटलं, "एसीत काम, जेवण तिथेच, घे बिनधास्त." तो बार्देशच्या किनारपट्टीला लागला. तिथे ब्रेक शिफ्ट होती. सकाळी नाश्त्याच्या वेळेला चार-पाच तास, मग मधे सुट्टी, मग संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत. ज्याची खोली जवळ आहे त्याला ठीक. याचं घर वाळपईच्या पलीकडे. मधले सहा तास तो कुठे काढायचा, तर बसस्टॉपवर. तिसऱ्या महिन्यात सोडून आला आणि गावात नाव झालं, पोरगा टिकत नाही. टिकेल कसा? ब्रेक शिफ्ट हा शब्द मला माहीतच नव्हता. तिथे सहा महिने काढलेल्या कोणीही तो पहिल्या मिनिटाला उच्चारला असता.

म्हणून मी आता एक पथ्य पाळतो. ज्या ट्रेडमध्ये आणि ज्या जागी मी उभा राहिलेलो नाही, तिथलं मी सांगत नाही. माणूस शोधून देतो.

माणूस मिळतो कुठे? डिचोली, म्हापसा, फर्मागुडी, काकोडा, तुमची जी आयटीआय असेल तिथल्या ट्रेडच्या सरांना गेल्या वर्षीची मुलं कुठे गेली ते पाठ असतं. नाहीतर सकाळी कंपनीच्या बसेस थांबतात तिथे जाऊन उभे राहा. गळ्यात ओळखपत्र आणि डोळ्यांत झोप असलेला सगळ्यात लहान चेहरा शोधा. संध्याकाळी नको, संध्याकाळी तो दमलेला असतो आणि कंपनीला शिव्या घालतो. रविवारी बोलवा.

आम्ही असंच एका रविवारी चौघांना सोप्यावर बसवलं. एक मुलगी होती, इलेक्ट्रॉनिक्सची, आईबरोबर आलेली. अर्धा तास आईच बोलली. मग सांगायला आलेल्या मुलीने, तीही अप्रेंटिसच, आईला चहा करायला आत नेलं. बाहेर आल्या तेव्हा आईचे प्रश्न संपले होते. कपडे बदलायला वेगळी खोली आहे का, सेकंड शिफ्ट मुलींना लावतात का, महिन्याच्या त्या दिवसांत बसून काम मिळतं का. आम्ही दोन पुरुष बाहेर बसलो होतो तोवर हे निघणारच नव्हतं. तेव्हा मुलीसाठी मुलगीच बघा.

सांगणाऱ्यालाही दोन शब्द. तू अकरा महिन्यांचा अनुभवी आहेस, एचआर नाहीस. "मी शब्द टाकतो" म्हणू नकोस. आपला वाईट दिवस पण सांग, नुसते फोटो दाखवू नकोस. आणि काही गोष्टी तुझ्या खांद्यावर घेऊच नकोस. कोणाला नगावर पैसे देतात, सरकारच्या शिकाऊ सल्लागाराच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइम लावतात, मशीनवर लागलं तर भरपाईबद्दल हात वर करतात, हे सगळं कायद्याच्या विरुद्ध आहे. त्यासाठी सर आहेत, पणजीला पाट्टोवर श्रमशक्ती भवनात कौशल्य विकासाचं खातं आहे. तिथपर्यंत सोबत जा, भांडण आपल्या अंगावर घेऊ नकोस. अर्थात हे करायला करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलेला असावा लागतो. करारच नसेल तर तो अप्रेंटिस नाही, स्वस्तातला हेल्पर आहे. हा प्रश्न मुलगा विचारत नसेल तर तू काढ.

बरं, त्या नऊ प्रश्नांचं काय झालं ते सांगतो आणि थांबतो. फोंड्याच्या मुलाने बुधवारी रात्री एकेका ओळीत उत्तरं पाठवली. बूट कंपनी देते, पण माप पहिल्या दिवशीच सांग, नंतर मोठेच मिळतात. फर्स्ट शिफ्टची बस पाच मिनिटं आधी सुटते, घड्याळावर विसंबू नको. चवथीला सुट्टी इतरांना असते तेवढीच. सुपरवायझर हिंदीत बोलतो, रागावला की कोकणीत. नववा प्रश्न होता, डबा गरम करायला मिळतो का.

"मिळतो. बाराला जा. साडेबाराला रांग लागते, आणि अप्रेंटिसला कोणी पुढे सोडत नाही."